श्वास बघणाऱ्या घरतताई

घरतताईंच्या समोर बसून चहा पिणं जरा अवघडच असायचं. आपण आपले साखर कमी आहे, आज चहा पाणचट झालाय, असं काहीबाही बोलत असायचो आणि ताई "हां, हां" करत मान डोलवायच्या. पण त्यांची नजर आपल्या तोंडाकडे नसायचीच. ती असायची गळ्याखालच्या खळगीकडे, नाहीतर शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे. नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, शर्टावर काहीतरी सांडलंय. दोनदा खाली बघितलं. तिसऱ्यांदा बघितल्यावर त्या म्हणाल्या, "काय नाय हो. तुमी बोलताना श्वास घ्यायचा इसरता, मग एकदम घेता. लग्न ठरलंय का?"

लग्न ठरलं नव्हतं, मोडलं होतं, आणि ते मी हॉस्पिटलात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात आमचा विभाग आहे. कॅन्सरच्या पेशंटना इथे किरण देतात. पेशंट त्याला 'शेक' म्हणतात, त्यांच्या बायका 'लाईट' म्हणतात. मी फिजिसिस्ट. किरण कुठे आणि किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, तो कुठल्या कुठल्या कोनांतून द्यायचा याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडतो. आणि घरतताई टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटला टेबलावर अचूक झोपवून शेवटी बटण दाबणाऱ्या. कागदावर त्यांचं काम माझ्या कामाच्या खाली लिहिलेलं होतं. पहिली दोन वर्षं मीही ते तसंच मानत होतो, हे आता लिहायला लाज वाटते.

फुप्फुसातल्या गाठीची मोठी पंचाईत असते. मेंदूतली गाठ एका जागी असते, हाडातलीही असते. फुप्फुसातली गाठ माणूस श्वास घेईल तशी वर-खाली होते, कधी बोटाच्या एका पेरापर्यंत, कधी त्याहून जास्त. बरं, पेशंटला 'श्वास घेऊ नका' असं तर सांगता येत नाही. गाठ जिथून जिथून फिरते त्या सगळ्या भागावर किरण टाकला तर गाठ जळते खरी, पण आजूबाजूचं चांगलं फुप्फुसही जळतं. मग एक उपाय म्हणजे पेशंटने ठरलेल्या मापाचा श्वास घेऊन काही सेकंद थांबायचं आणि तेवढ्यात किरण द्यायचा. दुसरा उपाय म्हणजे त्याने आपला नेहमीसारखा श्वास घेत राहायचं आणि गाठ ठरलेल्या जागी आली की मशीनने तेवढ्यापुरता किरण सोडायचा. पेशंटच्या पोटावर एक छोटी डबी ठेवतात, कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो आणि बाहेर आमच्या स्क्रीनवर श्वासाची रेषा उमटत जाते. ठरलेली जागा हिरव्या पट्ट्याने दाखवलेली असते. रेषा हिरव्यात आली की किरण.

हे सगळं मी पेशंटना समजावून सांगायला लागलो की पाच मिनिटांत त्यांचे चेहरे पडायचे. ताई मला बाजूला करायच्या आणि सांगायच्या, "धक्क्याला होरी बांधलेली बगितलीस ना? भरतीला वर, ओहोटीला खाली. होरी पलून जात नाय. तुजी गाठ तशी हाय. ती खाली येल तवा आमी तिला धरनार. तू फकस्त पानी हलवू नको." पेशंट हसायचा. दिवाळे गावचा कोळी असो नाहीतर ज्याने समुद्र फक्त वाशीच्या पुलावरून बघितलाय असा असो, त्याला ते कळायचं.

ताई जासईच्या. वडील मिठागरात कामाला होते. पुढे मिठागरं गेली आणि गावाच्या चारी अंगांना कंटेनरची यार्डं उभी राहिली. ताई रोज त्या ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत बसने यायच्या. उशिरा येण्यासाठी त्यांच्याकडे जगातलं सगळ्यात खरं कारण तयार होतं आणि ते त्यांनी एकदाही वापरलं नाही. डब्यात बहुतेक जवळा असायचा, नाहीतर सुकट. स्टाफरूमचं दार उघडलं की आज ताईंनी काय आणलंय ते कळायचं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा वासाबद्दल अगदी सौम्य शब्दांत काहीतरी सुचवलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांच्यासाठी वेगळा डबा आणला. त्यानंतर साहेबांनी तो विषय काढला नाही, पण डबा मात्र अधूनमधून मागून घ्यायचे.

पेशंटचा प्लॅनिंगचा स्कॅन, म्हणजे ज्याच्यावर मी पुढचं सगळं गणित मांडतो तो, असायचा त्या दिवशी ताई सकाळी कॉरिडॉरच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसायच्या. युनिफॉर्मवर घरची ओढणी घ्यायच्या, म्हणजे पेशंटला वाटावं, ही कुणाची तरी नातेवाईक. मग गप्पा. गाव कुठलं, पाणी कधी येतं, सोसायटीची लिफ्ट चालते का, पोरगी कुठे दिली. या गप्पांमध्ये त्या पेशंटचा श्वास मोजत असायच्या. मोजून झालं की उठून आत यायच्या आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायच्या. आकडा एकच असायचा, पुढे शब्द. 'पोटाचा.' 'खांद्याचा.' 'चोरटा.' 'घाईचा.' एकदा नुसतं 'रडून आलेला' एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, पेशंट रडत होता का? म्हणाल्या, "घरी. सकाली. आता नाय रडत, पन श्वास अजून तिथंच हाय."

मी हसलो. कॉम्प्युटरवर असा कप्पा नसतो.

बटण दाबायला बसल्या की ताई स्वतः पेशंटबरोबर श्वास घ्यायच्या. पेशंटला थांबवलं की त्याही थांबायच्या. नियमच होता त्यांचा, माझा श्वास सुटला की त्याचाही सोडायचा, त्याला माझ्यापेक्षा जास्त राबवायचा नाही. कंपनीने मशीनबरोबर एका बाईचा गोड आवाज रेकॉर्ड करून दिला होता, आत घ्या, थांबवा, सोडा. तो ताईंनी पहिल्याच दिवशी बंद केला. म्हणाल्या, "ती बाई कुटं श्वास घेते?" मग त्या स्वतःच माईकवर बोलायच्या, ज्याच्या त्याच्या भाषेत. माईकखाली एक कागद चिकटवलेला होता. त्यावर 'थांबा' हा शब्द गुजराती, मल्याळम, बंगाली आणि आणखी कुठल्या कुठल्या भाषांमध्ये देवनागरीत लिहिलेला. आणि अशा वेळी कन्सोलच्या खोलीत असलेले आम्ही सगळे, सफाईवाल्या मावशीसुद्धा, नकळत श्वास धरून उभे असायचो. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटायचं, आत काहीतरी भयंकर घडलंय.

एकदा वाशीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. स्कॅन आहे म्हटल्यावर बाईंनी परीक्षेसारखी तयारी केली होती. दहा दिवस टीव्हीसमोर बसून प्राणायाम. टेबलावर झोपल्या आणि स्क्रीनवर अशी सुरेख रेषा उमटली की मी खुर्चीतून पुढे झुकलो. एकसारख्या लाटा, तंतोतंत सारख्या उंचीच्या. मी म्हटलं, वा! ताई म्हणाल्या, "आज नको. उद्या बोलवा यांना."

डॉक्टरसाहेब चिडले. "घरतताई, याच्याहून परफेक्ट काय पाहिजे तुम्हाला? उगाच टेन्शन वाढवू नका."

"साहेब, यो श्वास त्यांचा नाय. त्यांनी आनलाय. रोज रोज आनतील का?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी बाईंना बाकावर बसवून त्यांच्या शाळेतल्या शिपायाबद्दल विचारलं. बाई तावातावाने सांगत सुटल्या. तसंच बोलत बोलत ताईंनी त्यांना आत नेलं, झोपवलं, स्कॅन सुरू केला. रेषा आली ती ओबडधोबड, लाटा लहान-मोठ्या. गाठ आदल्या दिवशीपेक्षा जवळजवळ निम्मीच हलत होती. आम्ही त्या स्कॅनवर प्लॅन केला. पुढे सहा आठवडे बाई रोज आल्या आणि रोज त्यांची रेषा तशीच ओबडधोबड येत राहिली. पहिल्या दिवसाच्या त्या सुरेख रेषेवर प्लॅन केला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मी एकदा बसून केला आणि कुणाला दाखवला नाही.

पण ताई म्हणजे काय चीज आहे ते मला खऱ्या अर्थाने कळलं तुकारामच्या वेळी.

तुकाराम एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला माथाडी. साताऱ्याकडचा, माझ्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. साठीला आलेला, मान बैलासारखी जाड, पण फुप्फुसं विडीने आणि कांद्याच्या फोलपटांच्या धुळीने पार चाळण झालेली. उजव्या फुप्फुसात सुपारीपेक्षा जराशी मोठी गाठ. सर्जनने सांगितलं, हा ऑपरेशन झेपणार नाही, टेबलावरच राहील. मग उरलो आम्ही. पाच डोस, एक दिवस आड, प्रत्येक डोस जबरदस्त. पाचही गाठीवर बसले तर गाठ जाऊ शकत होती. पण चुकून बाजूच्या फुप्फुसावर बसले तर त्याच्याकडे जाळायला जादाचं फुप्फुस शिल्लकच नव्हतं. जिना चढणंसुद्धा बंद झालं असतं, पुढे घरात ऑक्सिजनची नळी लागली असती. डॉक्टरसाहेबांनी हे त्याला स्पष्ट सांगितलं. तुकाराम म्हणाला, "मी कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातो सायेब. जिना चढता आला पायजे. बाकी तुमी बघा."

आम्ही श्वास रोखण्याची पद्धत ठरवली. स्कॅनच्या दिवशी ताईंनी कागदावर लिहिलं, 'ओझ्याचा.' मी नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही. प्लॅन माझा होता आणि फार चांगला उतरला होता. मी तो दोन-तीन जणांना कौतुकाने दाखवलाही होता.

पहिल्या डोसचा दिवस. तुकाराम टेबलावर, डोळ्यांवर तो खास चष्मा, ज्यात त्यालाही आपली रेषा आणि हिरवा पट्टा दिसतो. आधी मशीनवरच फोटो काढून गाठ जागेवर आहे ना ते बघितलं. अगदी जागेवर होती. ताईंनी दोनदा श्वास थांबवून सराव घेतला. नंतर खरा डोस. ताई माईकवर म्हणाल्या, "घे तुकाराम... थांब." रेषा चढली, पट्ट्याच्या जरा खाली अडखळली आणि मग झपकन वर जाऊन हिरव्याच्या मधोमध स्थिरावली.

"ताई, बीम," मी म्हटलं.

ताईंनी बटण दाबलं नाही.

"ताई, हिरव्यात आहे."

त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सीसीटीव्हीच्या त्या कोपऱ्यात होती जिथे पेशंटचे पाय दिसतात. "सोड," त्या माईकवर म्हणाल्या. पुन्हा, "घे... थांब." पुन्हा रेषा हिरव्यात, पुन्हा ताईंचा हात मांडीवर. तिसऱ्यांदाही तेच. मी वैतागलो. मशीन खोळंबलेलं, बाहेर बारा पेशंट बसलेले आणि या बाई पायांकडे बघतायत. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "रेषा हिरव्यात आहे ना? मग आणखी काय पाहिजे?"

"रेषा हिरव्यात हाय. मानूस नाय," त्या म्हणाल्या. "एकदा परत फोटो काढा."

डॉक्टरसाहेबांना बोलावलं. तुकारामला तसाच श्वास रोखायला सांगून पुन्हा फोटो काढला. गाठ होती तिथून अंगठ्याच्या नखाएवढी सरकली होती. मी ज्या जागेवर किरणांचा सगळा जोर एकवटला होता तिथे आता चांगलं फुप्फुस होतं.

पोटावरची डबी वर होती, रेषा वर होती, कॅमेरा खूश होता, कॉम्प्युटर खूश होता, मी खूश होतो. फक्त फुप्फुस भरलेलं नव्हतं. श्वास कमी पडायला लागला तेव्हा तुकारामने टाचा टेबलात रोवल्या होत्या, पाठीची कमान केली होती आणि छाती तेवढीच वर उचलून दिली होती. चाळीस वर्षं गोण्या उचललेला माणूस तो. 'छाती भर आणि थांब' म्हटलं की त्याच्या अंगाला एकच गोष्ट ठाऊक होती. त्याने ओझ्याखाली शिरताना आवळतात तसं अंग आवळलं होतं. आणि हे ताईंनी टाचांवरून ओळखलं होतं, त्या धुरकट छोट्या चौकोनात.

मी पुष्कळ हुशार माणसं बघितली आहेत. काहींच्या हाताखाली शिकलो आहे. पण त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या त्या बाईकडे बघताना मला जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्या लगेच उठून आत गेल्या होत्या.

आत त्या स्टूल ओढून तुकारामच्या डोक्याशी बसल्या. तो हिरमुसला होता. "ताई, म्या रेघ हिरव्यात ठिवली की! हलू दिली न्हाई."

"ठेवलीस. लय चांगली ठेवलीस. मना सांग, गोनी पाठीवरून खाली कशी ठेवता तुमी?"

"कशी म्हंजी? ठिवली की झालं. हुश्श करायचं."

"कर."

तुकारामने 'हुश्श' केलं. आम्ही बाहेर स्क्रीनवर बघत होतो. रेषा खाली आली आणि तळाला जाऊन सपाट पडून राहिली, बराच वेळ. ताईंनी त्याच्याकडून ते पुन्हा करवलं. पुन्हा तळ सपाट, त्याच उंचीवर. दहा वेळा केलं, दहाही वेळा तीच उंची. टाचा सैल.

बाहेर येऊन ताई डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, यो आत घेतो तो श्वास गोनीसाठी घेतो. सोडतो तो सोताचा. सोडलेल्यावर द्या."

"म्हणजे सगळं परत? नवा स्कॅन, नवा प्लॅन? आठवडा जाईल, ताई."

"जाऊ दे. गाठ आठ दिवसांनी पन तिथंच असंल. फुप्फुस गेला तर परत नाय यायचा."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "ताई म्हणतात तसं करू." हे वाक्य मी त्या विभागात पहिल्यांदाच उच्चारलं होतं आणि साहेबांच्या ते लक्षात आलं.

नव्या पद्धतीत तुकारामने काहीच थांबवायचं नव्हतं. तो आपला श्वास घ्यायचा आणि सोडला की तळाशी जेवढा वेळ रेषा सपाट राहील तेवढाच वेळ किरण. प्रत्येक श्वासाला इवलासा तुकडा. एका डोसला तास-तास लागायचा. ताई माईकवर 'थांब' म्हणत नव्हत्या, 'सोड' म्हणत नव्हत्या. प्रत्येक श्वासाला एकच म्हणायच्या, "ठेव." जरा वेळाने पुन्हा, "ठेव." तासभर त्या तेवढंच म्हणायच्या, ना घाईने, ना कंटाळून. तुकाराम तासभर काल्पनिक गोण्या उतरवत राहायचा. चार डोस असे झाले, चारही अचूक.

मधला आठवडा गेला त्याचा परिणाम मात्र झाला. चौथा डोस आला महिन्याच्या शेवटच्या तारखेला आणि तीच ताईंची निवृत्तीची तारीख होती. दुपारी केक कापला, साहेबांनी भाषण केलं, ताईंनी सगळ्यांना घरी तळलेली तांदळाची गोड बोरं वाटली. मी म्हटलं, पाचव्या डोसपुरतं तरी साहेबांना सांगून थांबा. त्या म्हणाल्या, "थॉमस हाय ना."

थॉमस आमचा दुसरा टेक्नॉलॉजिस्ट, मूळचा केरळचा, जन्म नेरुळचा. हाताला चांगला, फक्त मराठीत प्रत्येक शब्दावर जोर देऊन बोलायचा. पाचव्या डोसच्या दिवशी तो माईकवर बसला आणि म्हणाला, "टेव!" तुकाराम टेबलावर दचकला. रेषा उडाली. "टेव, अण्णा, टेव!" रेषा आणखी बिथरली. तळ कुठे सपाट नाही, प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर. किरण सुरू होतोय न होतोय तोच बंद. वीस मिनिटांत पाव डोसही झाला नाही. तुकाराम दमत चालला. आत त्याच्या छातीचा भाता हलताना दिसत होता. हा एक डोस राहिला असता तर आधीचे चार अपुरे पडणार होते, आणि असाच रेटला तर पाठीच्या कमानीपर्यंत परत जायला वेळ लागणार नव्हता.

मी थॉमसला थांबायला सांगितलं आणि बाहेर धावलो. मला खात्री होती. आणि होत्याच त्या, कॉरिडॉरच्या बाकावर, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये, गळ्यात व्हिजिटरचा पास.

"ताई, चला आत. त्याचं बिनसलंय."

त्या उठल्या नाहीत. "माझा पास बाहेरचा हाय."

"पास गेला खड्ड्यात!"

"मी आत आली आन् त्याचा जमला, मंग? थॉमसला कवा जमायचा?" त्या माझ्याकडे बघत होत्या, नेहमीच्या त्या खळगीकडे नाही, सरळ डोळ्यांत. "चूक माझी हाय. चार दिवस मी त्याला एकेका श्वासाला सांगत बसली. दोनदा सांगून गप बसाया पायजे व्हता. त्याला आता येतंय. तुमी माईक बंद करा. कोन बोलू नका."

"आणि त्याला काय सांगू?"

"ताई बाहेर बसलीय, येवढाच सांगा."

मी आत गेलो, तुकारामच्या कानाशी तेवढंच सांगितलं. बाहेर येऊन आम्ही माईक बंद केला. पहिली दोन-तीन मिनिटं रेषा तशीच वेडीवाकडी. थॉमसने माझ्याकडे बघितलं, मी 'नको' अशी मान हलवली. मग हळूहळू एक तळ सपाट पडला. त्याच्यानंतर दुसरा. त्याच उंचीवर तिसरा. थॉमसने बोट बटणावर ठेवलं. किरण सुरू, बंद, सुरू, बंद. चाळीस मिनिटं त्या खोलीत कुणी बोललं नाही. सगळा डोस देऊन झाला, आणि टाचा एकदाही हलल्या नाहीत. मी बाहेर जाऊन ताईंना सांगितलं. त्यांनी गळ्यातला पास काढून माझ्या हातात दिला आणि गेटवर परत करायला सांगितला. मग बाकावर सरकून, माझ्यामागून बाहेर आलेल्या तुकारामला बसायला जागा केली.

किरणांचं गणित लगेच दिसत नाही. तीन महिने थांबावं लागतं. तीन महिन्यांनी तुकाराम स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला आला. बायको गावी होती, म्हणून त्याच्यासोबत ताई आल्या होत्या, जासईहून कोपरखैरण्याला जाऊन त्याला घेऊन. डॉक्टरसाहेबांची ओपीडी वर दुसऱ्या मजल्यावर असते. मी मुद्दाम गेलो. साहेबांनी स्क्रीनवर आधीचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावला. आधीच्यात सुपारी होती. आताच्यात तिच्या जागी सुताएवढा वण. आणि भोवती काळंभोर फुप्फुस, म्हणजे फोटोत जसं निरोगी फुप्फुस काळं दिसतं तसं, चाळण झालेलंच, पण होतं तेवढं सगळं शिल्लक.

तुकारामला त्यातलं काही समजलं नाही. त्याने ताईंकडे बघितलं.

"गेली," ताई म्हणाल्या. "बाकी हाय तसा हाय."

तुकारामने साहेबांना हात जोडले, मला जोडले. ताईंना जोडायला वळला तर त्या फाइल आवरत होत्या, तिकडे लक्षच नव्हतं.

ते दोघं गेल्यावर मी ओपीडीच्या खिडकीशी उभा राहिलो. तिथून हायवेवरचा पादचारी पूल दिसतो. पलीकडच्या बस स्टॉपला जायचं तर तो चढावाच लागतो आणि त्याला पायऱ्या पुष्कळ आहेत. तुकारामने चढायला सुरुवात केली. रेलिंग धरून, सावकाश, एकेक पाय. मध्यावर थांबला. मी बघत राहिलो. मग तो परत निघाला आणि वर पोचला. ताई अजून काही पायऱ्या खाली होत्या. गुडघे धरून, दर चार पायऱ्यांना थांबत, एका हातात फाइल आणि डब्याची ती जड पिशवी घेऊन येत होत्या. मला एवढ्या वर्षांत त्यांचे गुडघे दुखतात हे ठाऊक नव्हतं. तुकाराम वरून बघत होता. मग तो उलटा फिरला, पाच-सहा पायऱ्या खाली उतरला, ताईंच्या हातातली पिशवी काढून घेतली, खांद्यावर टाकली आणि पुन्हा वर चढला.

वर जाऊन तो ताईंची वाट बघत उभा राहिला. पिशवी खांद्यावरच होती.